आमची वाटचाल : जुन्या आर्केड यंत्रांचे पॉवर सप्लाय

आमची फर्म लहान आहे आणि काम एकाच प्रकारचं आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या आर्केड यंत्रांचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या व्हिडिओ गेम यंत्रांचे, पॉवर सप्लाय आम्ही दुरुस्त करतो, आणि जिथे योग्य असेल तिथे बदलून देतो. कॅबिनेटचं लाकूडकाम, रंग, पिक्चर ट्यूब, जॉयस्टिक ही कामं करणारी कसबी माणसं वेगळी आहेत. भिंतीतल्या प्लगपासून गेम बोर्डाच्या कनेक्टरपर्यंत जेवढं येतं, तेवढं आमचं.

सुरुवात साध्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीने झाली. मी आणि माझा भागीदार ॲम्प्लिफायर, कारखान्यांतली कंट्रोल पॅनेल असं मिळेल ते काम घेत होतो. मधूनच एखादं आर्केड यंत्र यायचं. मालकाचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असायचं: “बोर्ड गेलाय.” तो बोर्ड आधी एक-दोन ठिकाणी फिरून आलेला असायचा, चिपा बदललेल्या असायच्या, सॉकेट नवी बसवलेली असायची. मीटर लावला की पाच व्होल्टच्या लाइनवर ४.६ दिसायचे. त्या काळातल्या टीटीएल जातीच्या लॉजिक चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याच्या थोडं खाली गेलं तर यंत्र सरळ बंद पडत नाही. चित्र येतं, आवाज येतो, खेळ सुरू होतो आणि मध्येच आपोआप रीसेट होतो, किंवा स्क्रीनवर कचरा दिसू लागतो. लक्षणं सगळी बोर्डाची आणि दोष सप्लायचा. हे इतक्या वेळा दिसलं की आम्ही हळूहळू बाकीची कामं सोडली आणि एवढ्याच एका भागाचे झालो.

पहिला खर्च केला तो लोड बेंचवर, म्हणजे सप्लायकडून खरा प्रवाह ओढून तो तपासायच्या टेबलावर. पॉवर सप्लाय नुसता टेबलावर सुरू करून मीटरवर पाच व्होल्ट दिसले म्हणजे तो चांगला आहे असं होत नाही. लोड नसताना सुकलेला कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारा भाग) असला तरी आकडा बरोबर दिसतो. एक ओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टवर लावला की पाच अँपिअर ओढतो आणि २५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणून आम्ही ५० आणि १०० वॅटचे रेझिस्टर हीटसिंकवर पक्के करून, वेगवेगळे लोड जोडता येतील असा बेंच बांधला. आमच्याकडे आलेला कोणताही सप्लाय आधी या बेंचवर तापतो, मग त्याला गेम बोर्ड दिसतो. आजपर्यंत या क्रमाला अपवाद केलेला नाही. त्याला कारण आहे. लिनियर सप्लाय म्हणजे जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून नेमकं व्होल्टेज देणारा जुन्या पद्धतीचा सप्लाय. त्यातला सगळा प्रवाह ज्यातून जातो तो पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर रेग्युलेटरच्या आधीचे दहाएक व्होल्ट थेट पाच व्होल्टच्या लाइनवर जाऊ शकतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या, आता कुठे बनत नसलेल्या चिपा क्षणात जातात.

लोडवर असताना ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं उपकरण, लावायचा. मुख्य पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर एसीचं डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, १०० हर्ट्झचा दिसतो, ६० हर्ट्झ असेल तर १२० चा. फिल्टर कपॅसिटर थकलेला असेल तर ही दातेरी लाट मोठी होते आणि तिचे तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या खाली जातात. सरासरी दाखवणाऱ्या मीटरवर सगळं ठीक वाटतं. बोर्डाला मात्र दर सेकंदाला शंभर वेळा उपास घडत असतो. स्पीकरमध्ये घुमणं किंवा चित्रात वरखाली सरकणारा पट्टा दिसला की आमचा हात आधी इथे जातो.

आमच्याकडे सर्वांत जास्त येतात अटारी कंपनीची यंत्रं. अ‍ॅस्टरॉइड्स (१९७९), मिसाइल कमांड (१९८०), सेंटिपीड या पिढीतली. त्यांची रचना मला मनापासून आवडते. कॅबिनेटच्या तळाशी ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि रेक्टिफायर यांचा जड ठोकळा असतो, त्याला सगळे ‘ब्रिक’ म्हणतात. त्यावर सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा निळा कपॅसिटर उभा असतो आणि त्याचं नावच ‘बिग ब्लू’ पडलं आहे. त्याच्यावरचे साधारण दहा व्होल्ट वेगळ्या रेग्युलेटर-ऑडिओ बोर्डाकडे जातात. तिथे टू-एन-३०५५ हा पास ट्रान्झिस्टर पाच व्होल्ट बनवतो. याच बोर्डावर स्पीकरचे ॲम्प्लिफायरही असतात.

यातली खरी हुशारी सेन्स तारांत आहे. रेग्युलेटर पाच व्होल्ट मोजतो ते स्वतःच्या टोकाशी मोजत नाही. गेम बोर्डाच्या कनेक्टरवरून परत आलेल्या दोन बारीक तारांवर मोजतो. वाटेत तारांत आणि जोडांत जे व्होल्टेज पडतं ते भरून काढता यावं, हा हेतू. नव्या यंत्रात हे उत्तम चालतं. पण कनेक्टरच्या पट्ट्यांवर काळपट थर चढला की बोर्डाला व्होल्टेज कमी पोचतं, रेग्युलेटर आउटपुट वाढवत राहतो, आणि फरक हाताबाहेर गेला की सेन्सच्या मार्गातले छोटे रेझिस्टर जळतात. आमच्याकडे येणाऱ्या या बोर्डांवर तेच दोन रेझिस्टर तपकिरी पडलेले आणि त्यांच्याखालचा बोर्ड करपलेला असतो. बरेच जण रेझिस्टर बदलतात आणि यंत्र पुन्हा लावतात. ते पुन्हा जळतात. दोष कनेक्टरमध्ये असतो आणि त्याला कुणी हात लावलेला नसतो.

म्हणून आमच्या कामाचा मोठा हिस्सा जोडांचा आहे. ऐकायला हे काम किरकोळ वाटतं, पण माझ्या मते या यंत्रांच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ३.९६ मिलिमीटर अंतराच्या पिनांचे ते कनेक्टर घेतले तर आतली धातूची पकड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल पडते. सैल पकड म्हणजे जास्त रोध, जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता, आणि मग पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, नंतर तपकिरी होतं. बोर्डावरच्या पिनांच्या बुंध्याशी सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाखाली धरून पिन हलकेच हलवली की ती चीर उघडझाप करताना स्पष्ट दिसते. अशा पिनेवर आम्ही वरून सोल्डर चढवत नाही. जुनं काढून घेतो, पिन नवी बसवतो, तारेचं टर्मिनल नवं क्रिंप करतो, म्हणजे दाबून बसवतो. फ्यूजच्या क्लिपाही अशाच. क्लिपचा ताण गेला की फ्यूज चांगला असूनही टोकाशी तापतो आणि विनाकारण उडतो. मग कुणीतरी जास्त अँपिअरचा फ्यूज घालतं आणि ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक यंत्रात फ्यूजशेजारी त्याचा मूळ आकडा छापलेली चिठ्ठी असते.

पॅक-मॅन (१९८०) वेगळ्या घराण्याचं. मिडवे कंपनीच्या त्या यंत्रात रेग्युलेटर गेम बोर्डावरच आहे आणि कनेक्टरवर येतं ते सात व्होल्टच्या आसपासचं एसी. सगळा प्रवाह बोर्डाच्या कडेवर बसणाऱ्या ४४ टोकांच्या त्या एज कनेक्टरच्या ठरावीक पट्ट्यांतून जातो आणि नेमक्या त्याच पट्ट्या जळलेल्या असतात. तिथे बोर्डावरची जळलेली पट्टी पुन्हा उभी करणं, कनेक्टर बदलणं आणि बोर्डावरचे कपॅसिटर नवे घालणं एवढ्याने यंत्र बरीच वर्षं चालतं. बाहेरून स्विचिंग सप्लाय (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बनवणारा, हलका, नव्या पद्धतीचा) जोडायचा तर बोर्डावरचा रेग्युलेटर टाळणारा अडॅप्टर मध्ये घालावा लागतो. तोही आम्ही बनवतो, मात्र मालकाने विचारलं तरच.

दुरुस्ती की बदल, यावर आमचं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही. मूळ लिनियर सप्लाय वाचत असेल तर तो वाचवावा, असं आम्ही सांगतो. तो जड असतो, अर्धी ऊर्जा उष्णतेत घालवतो, हे खरं. पण त्याचा प्रत्येक भाग दिसतो, मोजता येतो, बदलता येतो. शिवाय अटारीच्या ब्रिकमधून नुसते पाच व्होल्ट जात नाहीत. ऑडिओचा पुरवठा, दिव्यांचं एसी, मॉनिटरचा पुरवठा सगळं त्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे. अ‍ॅस्टरॉइड्सचा मॉनिटर वेक्टर जातीचा, म्हणजे किरण रेषा रेखाटत चित्र काढतो, आणि त्याला ट्रान्सफॉर्मरकडून वेगळं एसी लागतं. पाच आणि बारा व्होल्टचा तयार स्विचिंग सप्लाय आणून लावला आणि ब्रिक काढून टाकली, तर यंत्राचे निम्मे अवयव उपाशी राहतात.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरबद्दल तर आम्ही हट्टी आहोत. रास्टर, म्हणजे ओळीओळीने चित्र काढणाऱ्या, मॉनिटरच्या बऱ्याच चेसिसना (मॉनिटर चालवणाऱ्या सर्किटना) मुख्य पुरवठ्यापासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर कॅबिनेटमध्ये असणं गृहीत धरलेलं असतं. सप्लाय बदलताना कुणी तो ‘आता नको’ म्हणून काढला तर मॉनिटरची चेसिस थेट मुख्य लाइनशी जोडली जाते. चेसिस जळू शकते आणि हात लावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. असं यंत्र आलं तर आधी तो ट्रान्सफॉर्मर परत बसतो, मगच पुढचं काम. मालक नको म्हणाले तर यंत्र आम्ही जसंच्या तसं परत करतो.

तरीही बदल करावा लागतो तिथे आम्ही मागे राहत नाही. १९८५ मध्ये गेम बोर्ड कॅबिनेटला जोडण्यासाठीचं जामा मानक आलं. ५६ टोकांचा एकच कनेक्टर, त्यावर पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट. त्यानंतरच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये मुळातच स्विचिंग सप्लाय आहेत. त्यातले जुने झालेले दुरुस्त करण्यापेक्षा चांगल्या दर्जाचा नवा घालणं बरोबर ठरतं. घालताना काही गोष्टी पाहाव्याच लागतात. पाच व्होल्टचा स्क्रू फिरवायचा तो बोर्डाच्या चिपेवर मीटर लावून, सप्लायच्या टोकाशी नाही. काही स्विचिंग सप्लायना किमान लोड लागतो, तो नसेल तर व्होल्टेज भरकटतं. कॉम्प्युटरचा सप्लाय स्वस्तात पडतो म्हणून लोक घेऊन येतात. नव्या कॉम्प्युटर सप्लायमध्ये उणे पाच व्होल्ट नसतातच, आणि काही बोर्डांच्या आवाजाला ते लागतात.

उणे पाच व्होल्टची गोष्ट विल्यम्स कंपनीच्या डिफेंडर आणि रोबोट्रॉन या यंत्रांत जास्त गंभीर होते. त्यांत ४११६ जातीची रॅम आहे. तिला बारा, पाच आणि उणे पाच असे तिन्ही व्होल्टेज लागतात, आणि उणे पाच सर्वांत आधी यावे व सर्वांत शेवटी जावेत अशी अपेक्षा असते. बारा व्होल्ट हजर आणि उणे पाच गायब अशी स्थिती आली की रॅम जाते. उणे पाचच्या लाइनवरची एक सैल पिनही त्याला पुरते. म्हणून या यंत्रांत आम्ही तिन्ही लाइनी एकाच वेळी स्कोपवर घेऊन चालू-बंद करतानाचा क्रम पाहतो. काही मालक ४१६४ रॅम घालून एकाच पाच व्होल्टवर काम भागवतात. जंपर, म्हणजे बोर्डावरच्या बदलत्या जोडण्या, नीट केले तर तो चांगला, टिकाऊ उपाय आहे आणि आम्ही त्याची शिफारस करतो, कारण मूळ रॅम आता मोजक्याच उरल्या आहेत.

काम वाढलं तशी माणसं आली. त्यांना सगळ्यात आधी शिकवतो ते कपॅसिटर रिकामा करायला. बंद यंत्रातल्या बिग ब्लूमध्ये साठा राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी काढायची नाही. रेझिस्टरमधून सावकाश रिकामा करायचा आणि मीटरने खात्री करायची. त्यानंतर कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर, मग क्रिंपिंग. सोल्डरिंग सर्वांत शेवटी.

तारा कापायच्या नाहीत हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. नवा सप्लाय लागला तरी मूळ हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, कनेक्टरला बसेल असा अडॅप्टर करतो. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून मालकाला परत देतो. पुढे कधी कुणाला यंत्र मूळ रूपात आणायचं झालं तर त्याला स्क्रूड्रायव्हर पुरेसा व्हावा. सोबत एक कागद जातो. आलं तेव्हाचे व्होल्टेज आणि रिपल, गेलं तेव्हाचे व्होल्टेज आणि रिपल, लोड किती होता, काय बदललं. तोच कागद घेऊन लोक काही वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांतला फरकच अर्धं निदान करून देतो.

सध्या नवीन काम हाती घेतलं आहे ते ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळण्याचं. ६० हर्ट्झसाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर स्टेप-डाउन लावून ५० हर्ट्झवर चालवला तर त्याचा गाभा संपृक्त होण्याच्या, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू न शकण्याच्या, जवळ जातो आणि तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. वर्षानुवर्षं तसाच चालवलेला असेल तर आतलं इन्सुलेशन ठिसूळ होतं. असे ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळत नाहीत, म्हणून जुन्याच्या वेढ्यांची मोजणी करून, ५० हर्ट्झला पुरेल असा गाभा घेऊन, सगळे टॅप (वेढ्यांतून बाहेर काढलेली जोडणीची टोकं) मूळ जागी ठेवून आम्ही नवे बनवत आहोत. पहिले काही पूर्ण लोडवर बेंचवर चालू आहेत. त्यांचं तापमान कुठे स्थिरावतं ते पाहून मगच ते ग्राहकांच्या यंत्रांत बसतील.