अठ्ठेचाळीस

सोमवार, रात्रीचे ११

उद्या पाणी सुटायचा दिवस. पहाटे चारला उठायचंय, तरी डोळा लागत नाही. म्हणून वही काढली.

आज दुपारी ऑफिसात टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हजार रुपयांचं एक पेमेंट व्हाउचर टाकलं. एफ ५ दाबलं, तारीख, खातं, रक्कम, सगळं अर्ध्या मिनिटात झालं. मग कर्सर खाली नॅरेशनच्या, म्हणजे खर्च कशाचा ते लिहायच्या चौकटीत येऊन लुकलुकायला लागला आणि माझे हात थांबले. ‘दंड, हैदराबादचा माल, गाडी क्रमांक चुकीचा’ एवढं लिहिलं की काम झालं. क्रमांक कुणी चुकवला हे तिथे कुणी लिहीत नाही, ऑडिटरही विचारत नाहीत. मालकांनीही विचारलं नाही. “खर्चात टाका” म्हणाले आणि खाली सुताच्या गाडीकडे गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोलापूरच्या कारखान्यातून टर्किश टॉवेलचे २४ गठ्ठे हैदराबादला निघायचे होते. गठ्ठ्यात १० डझन, म्हणजे एकूण २,८८० नग. ९० रुपये नगाने २,५९,२०० रुपयांचं बिल, त्यावर ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, १२,९६०. माल राज्याबाहेर चालला आणि किंमत ५० हजारांच्या वर असली की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, लागतंच. भाग अ मी चारलाच भरून ठेवला होता: बिल नंबर, घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, पिनकोड, मालाचा एचएसएन, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक. भाग ब म्हणजे गाडीचा नंबर, तो गाडी लागल्याशिवाय कळत नाही. सव्वासातला मामांनी, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरनी, गेटवरून फोन केला. मागे शेडमध्ये माग चालू, आवाजात निम्मं ऐकू येत होतं. शेवटचे दोन आकडे त्यांनी ‘अठ्ठेचाळीस’ असे सांगितले. मी ८४ टाकले.

दोन दिवस झाले, मी हा शब्द तोंडात घोळवते आहे. अठ्ठेचाळीस म्हणताना आठ आधी येतो आणि चाळीस मागून येतं. कान ‘अठ्ठे’ ऐकतो तेवढ्यात बोट ८ वर पडलेलं असतं, उरलेला ४ मग आपोआप पुढे बसतो. सावकाश ऐकलं तर चूक होत नाही. घाईत, आवाजात, शब्द संपायच्या आत टाइप केलं की होते. शिवाय ८४ असं उलटं पडलं तरी तो नंबर कुणाच्या तरी गाडीचा असतोच, त्यामुळे पोर्टल अडवत नाही. बिल झटकन निघतं, बारा आकडी नंबर येतो, प्रिंट निघते आणि आपल्याला वाटतं झालं.

लोडिंगचे अण्णा घरी तेलुगू बोलतात. त्यांना आज विचारलं, तुमच्यात अठ्ठेचाळीस कसं म्हणतात? म्हणाले, “नलभै एनिमिदि.” चाळीस आधी, आठ मागून. कन्नडमध्येही तसंच, नलवत्तेंटु. एकाच शेडमध्ये एकाच गाडीचा नंबर कुणी सरळ म्हणतो, कुणी उलटा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा मी केवढ्या तावातावाने विरोधात बोलले होते. मराठी आकड्यांची गोडी जाईल म्हणाले होते. गोडी आहेच, पण दुसरीतलं पोर ‘अठ्ठेचाळीस’ ऐकून ८४ का लिहितं, ते आता माझ्या बोटांना कळलंय.

शुक्रवारी रात्री अडीचला मामांचा फोन आला. जहीराबादच्या पुढे तपासणीला गाडी थांबवली होती. मुदतीचा प्रश्न नव्हता. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, हैदराबाद तीनशेच्या वर म्हणून दोन दिवस, आणि शुक्रवारचं बिल रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालतं. पाटीवर ४८ आणि कागदावर ८४, एवढंच झालं होतं. मी अंथरुणात बसून मोबाइलवर पोर्टल उघडलं. गाडी चालू असताना भाग ब कितीही वेळा बदलता येतो, दोन मिनिटांचं काम. पण अधिकाऱ्याने गाडी धरल्यावर केलेला बदल धरत नाहीत. उमरग्याला चहाला थांबलेले असताना मामांनी फोन केला असता तर. किंवा निघायच्या आधी मी खाली जाऊन पाटी बघितली असती तर. ऑफिसपासून गेट चाळीस पावलांवर आहे.

जीएसटी कायद्याचं कलम १२९ लावलं असतं तर कराच्या दुप्पट, म्हणजे २५,९२० रुपये भरावे लागले असते. पण १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक आहे, ६४ नंबरचं. नावातलं एखादं अक्षर चुकलं, मुदत वाढणार नाही असा पिनकोड चुकला, गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे चुकले, अशा किरकोळ चुकांना केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५००, किंवा आयजीएसटीचे हजार, एवढाच दंड. ते परिपत्रक माझ्याकडे होतं, मामांच्या फोनवर पाठवलं. अधिकाऱ्यांनी वाचलं, मान्य केलं. पण कागद व्हायला, चलन भरायला शनिवारची दुपार उजाडली. मामा रात्रभर केबिनमध्ये.

सकाळी मी फोनवर चाचरत काहीतरी बोलले, तर म्हणाले, “ताई, तुमी झोपा की ओ. मला काय, गाडीतच झोपायचं असतंय.”

आईला सांगितलं तर ती म्हणाली, हजार रुपयांचं एवढं काय. तिला काय सांगू. पुण्याला गेले असते तर, हा विचार शनिवारी दिवसभर येत होता. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालेल्या सगळ्याजणी आता तिकडे मोठ्या मोठ्या ऑफिसांत आहेत, त्यांच्या चुका म्हणे सिस्टीम पकडते. इथे मीच सिस्टीम. बिल मी, ई-वे मी, टॅली मी, फोन मी, पगारपत्रकही मीच. साडेपाच वर्षं झाली. त्या दुसऱ्या गोष्टीचं तर अजून काहीच ठरत नाही, ते आज लिहीत नाही.

पण पुण्यातही कुणी ‘अठ्ठेचाळीस’ म्हटलं असतं तर बोट ८ वरच पडलं असतं. रविवारी कंबर तलावापाशी बसले होते तेव्हा हे एकदम लख्ख दिसलं आणि जरा हलकं वाटलं. चूक कुठून आली ते माहीत आहे, म्हणजे ती अडवताही येईल.

आजपासून असं करते आहे. नंबर एकेक आकडा सुटा घ्यायचा: चार, आठ. ऐकून लगेच टाइप करायचं नाही. आधी कागदावर लिहायचं, मग तोच सुटा परत वाचून दाखवायचा, समोरच्याने ‘हो’ म्हटलं की टाकायचं. शेडमधून फोन असेल तर सांगायचं नाही, पाटीचा फोटो पाठवायचा. प्रिंट ड्रायव्हरच्या हातात देताना पाटीपाशी उभं राहून आकडा आकडा जुळवायचा. ड्रायव्हरवर ते सोडायचं नाही, प्रिंटमधली अक्षरं फार बारीक असतात. सकाळी विजयवाड्याची गाडी लागली तेव्हा मी खाली गेले. पाटीवर चिखल होता. अण्णांनी टाकाऊ टॉवेलच्या तुकड्याने पुसून दिली. टायरजवळ वाकून एकेक आकडा वाचला आणि पेनाने खूण केली. एकूण चार मिनिटं लागली.

तिथेच दुसरे एक ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाले की मामांचं शनिवारचं परतीचं भाडं हुकलं. सकाळी नऊला तिकडे माल भरायचा होता, ते पोचले संध्याकाळी, तोवर दुसरी गाडी लागली होती. मामा रिकामी गाडी घेऊन सोलापूरला आले. तीनशे किलोमीटरचं डिझेल पदरचं. मला ते बोललेच नाहीत. मी मात्र तीन दिवस हजार रुपये, हजार रुपये करत बसले होते.

दंडाचे हजार वहीत आले. ते भाड्याच्या खात्यात मिसळता येत नाहीत, दंड म्हणून वेगळेच दाखवावे लागतात, तसे दाखवले. मामांची शनिवारची रात्र आणि रिकामी फेरी कुठल्या वहीत दाखवायची? नॅरेशनपाशी हात का अडला ते आता कळतंय.

गाडी थांबून राहिली तर हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, द्यायची पद्धत आहे, पण ते माल उतरवायला उशीर झाला तर मागतात. कागदामुळे गाडी अडकली म्हणून आमच्याकडे कुणी मागितलेलं नाही आणि मामा मागणार नाहीत. मालक नाही म्हणणार नाहीत असं वाटतं, पण विचारायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगायचं. ते दुपारी जमलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर व्हाउचर छापून फाइलमध्ये वर ठेवलं, उद्या दहाला सहीला न्यायचं. रकमेची जागा कोरी आहे, ती मालकांनी ठरवायची. नॅरेशन भरलंय:

‘शनिवारचं हॉल्टिंग, हैदराबाद. ई-वे बिलात गाडी क्रमांक मी चुकीचा टाकल्यामुळे.’