मामाच्या पाठीवरून लोहगड

लोहगड निवडला तो पायऱ्यांसाठी. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि तिथून महादरवाजापर्यंत बांधीव वाट आहे. शिडी नाही, कातळाला हात घालून चढणं नाही. आमच्या ९ वर्षांच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती चालत नाही, मान थोडाच वेळ धरते, आणि बोलते डोळ्यांनी. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आम्ही आधीच बाद केले होते. त्या गर्दीत पायरीवर अडकलं की ना वर जाता येत, ना खाली. जानेवारीतला आठवड्याच्या मधला वार धरला.

तिला पाठीवर घेणार होता तिचा मामा. दुकानांत मिळतात त्या पिशव्या लहान बाळांच्या मापाच्या, आणि ही १७ किलोंची. म्हणून फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारून कॅनव्हासची पाठपिशवी शिवून घेतली. बैठक रुंद, म्हणजे मांड्या फाकलेल्या राहतात. मानेला मागून आधार आणि पाय टेकवायला पट्टा. पाय नुसते लोंबत राहिले की मांडीखाली पट्टा रुततो आणि पायांना मुंग्या येतात. गडाआधी सोसायटीच्या जिन्यावर बरेच दिवस सराव केला, उतरण्याचा जास्त.

गणेश दरवाजाकडे वळणं घेत जाणाऱ्या पायऱ्या चढता चढता मामा घामाने भिजला, आणि लेकीचे हात मात्र बर्फ! चालणाऱ्याचं अंग तापतं. जो नुसता बसून आहे त्याला तोच वारा बोचतो. थंडीने तिचे स्नायू आणखी ताठरतात. म्हणून तिचे कपडे आपल्याला काय वाटतंय यावर ठरवायचे नाहीत, तिच्या मानेखाली हात घालून बघायचं. मामाच्या ओल्या सदऱ्याची ओल तिच्यापर्यंत पोचते, तोही बदलायचा.

प्रत्येक दरवाज्यापाशी तिला पूर्ण उतरवलं. सतरंजीवर आडवं करून पाय हलवायचे, मोजे काढून बोटांचा रंग आणि मांड्यांवरचे वळ बघायचे, मग पाणी. पातळ पाण्याने तिला ठसका लागतो, त्यामुळे दाटसर करून चमच्याने. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. खाणं मात्र पिशवीतच ठेवलं. लोहगडावरची माकडं हातातलं हिसकावून नेतात. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला. तिथे तांदूळ-नाचणीच्या साठवणीची जागा आहे. त्या अंधाराकडे ती बराच वेळ टक लावून बघत होती.

तिला फिट आली तर द्यायचा स्प्रे माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये होता. सॅकच्या तळाशी ठेवलेलं औषध ऐनवेळी सापडत नाही. कधी आणि किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं आणि ते आम्हा तिघांनाही पाठ होतं.

एक गोष्ट घरीच ठरली होती: तिने डोळे घट्ट मिटले की "पुरे", आणि मग गड कितीही जवळ असो, परत फिरायचं. हनुमान दरवाज्यापाशी तिने मिटले. खाली घेतलं तर मांडीखाली सलवारीची चुणी रुतून लाल रेघ उठलेली. चुणी सरळ केली, चोळलं, थोडं थांबून पुन्हा विचारलं. तिने वर बघितलं, म्हणजे "हो". तेव्हाच पुढे निघालो.

वर पवना धरणाचं पाणी, शेजारी विसापूर किल्ला, पलीकडे तुंग-तिकोना हे किल्ले. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेवर, गेलो नाही. तिथे आधी खडकाळ टप्पा उतरावा लागतो आणि पाठीवर मूल असताना तो आम्हाला मान्य नव्हता. लांबूनच दाखवला.

उतरताना तिचे बाबा मामाच्या एक पायरी खाली, तोंड त्याच्याकडे, आणि मी मागून पिशवीचा पट्टा धरून. झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर मामा तिरका पाय टाकत होता. पाठीवरचा भार उतारावर पुढे ढकलतो, म्हणून गुडघे भरून यायच्या आधीच बसायचं.

वाडीत पिठलं-भाकरी खाल्ली. तिच्यासाठी पिठलं सैल करून भाकरी त्यात कुस्करली. मामाने तिला विचारलं, "पुढच्या थंडीत तिकोना?" तिने लगेच वर बघितलं. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. तोवर तिचं वजनही वाढलेलं असेल. त्यामुळे आधी ताईंशी बोलणार आणि मामा एकटा जाऊन वाट बघून येणार, मगच ठरवू.