तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलचा धक्का नवख्या माणसाला कसा सोसेल?

ठाण्यात काय किंवा ऐरोली-वाशीकडे काय, नेमबाजीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. "मुलगी एनसीसीत .२२ छान मारते, आता मोठ्या बोअरची रायफल हातात येईल. तिच्या खांद्याला झेपेल का?" (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास; .२२, .३०८ हे आकडे इंचांत.) कधी पन्नाशीतले गृहस्थ स्वतःसाठी विचारतात, तर कधी मुरबाड-शहापूरकडे शेतरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असलेल्या घरातलं कुणी.

झेपतं. पण पहिली गोळी सुटण्याआधी काही गोष्टी जागेवर असल्या तरच. खांद्यावरचा काळानिळा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. पहिल्याच दिवशी मनात बसलेली दचक काढायला मात्र महिने लागतात. चाप दाबायच्या क्षणी डोळे मिटणं, खांदा पुढे ढकलणं, चापाला हिसका देणं ही तिची लक्षणं. म्हणून खांद्याच्या आधी या दचकेचा विचार करायचा.

धक्का किती, हे चक्क मोजता येतं. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू जितक्या संवेगाने (वजन गुणिले वेग) पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. .३०८ या मोठ्या बोअरच्या रायफलची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने सुटते आणि तिच्यामागे जवळपास ३ ग्रॅम दारूचा वायू त्याहूनही वेगात बाहेर पडतो. दोन्ही धरून रायफल साडेतीन किलोची असेल तर खांद्यावर सुमारे २२ ज्यूल ऊर्जा येते. तीच रायफल साडेचार किलोची केली की हा आकडा सतराच्या आसपास उतरतो. गोळी तीच, वेग तोच, फक्त वजनाने पाचवा हिस्सा कमी झाला. .२२ च्या तीन किलोच्या रायफलमध्ये हीच ऊर्जा पाव ज्यूलसुद्धा भरत नाही. बाराबोरची, म्हणजे छर्रे उडवणारी, हलकी बंदूक भरगच्च काडतुसाने उडवली तर ती .३०८ लाही मागे टाकते. म्हणून "रायफल नको, आधी साधी बाराबोर देऊन बघू" हा सल्ला साफ उलटा आहे. नवख्याच्या हाती पहिल्यांदा बाराबोर देऊन मोबाइलवर व्हिडिओ काढत हसणारी माणसं त्याचं खरोखर नुकसान करतात. असं कृपा करून कुणी करू नये.

सुरुवात एअर रायफल किंवा .२२ वरच व्हावी, आणि कुणाला तिथेच राहायचं असेल तर त्यात काहीही उणं नाही. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने मारायची स्पर्धा), म्हणजे .२२ वरच. त्या स्पर्धेत रायफल ८ किलोपर्यंत चालते, त्यामुळे धक्का जवळपास जाणवतच नाही. मोठ्या बोअरकडे वळायचं ते चाप हळू दाबायची सवय हाडीमासी मुरल्यावर.

आता कानांबद्दल. धक्क्याची भीती वाटते असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळजण खरं तर आवाजाला घाबरलेले असतात. .२२ रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो, मोठ्या बोअरचा १६० च्या पुढे जातो, आणि छप्पर असलेल्या रेंजवर तो भिंतींवरून परत येतो. शरीर आधी त्या आवाजाने आकसतं आणि दोष खांद्याला मिळतो. यासाठी दुहेरी संरक्षण हवं: कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा जवळपास निरुपयोगी असतो. डूल आणि झुमके काढून ठेवावेत. चष्म्याची जाड काडी, ओढणी किंवा केसांची बट मफच्या गादीखाली आली तर फट पडते आणि तिथून आवाज आत शिरतो. चष्मा लागत नसला तरी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

त्यानंतर दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडी भागाचं, माप. माझ्या मते सगळ्यात जास्त दुखणी इथूनच सुरू होतात. बाजारातल्या बहुतेक रायफलींचा दस्ता धिप्पाड पुरुषाच्या मापाने कापलेला असतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास. पाच फुटांच्या मुलीला साडेबारा किंवा त्याहूनही कमी लागतं. सोपी तपासणी अशी: रायफल रिकामी आहे हे दोघांनी बघून घ्या, कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोहोचलं तर माप ढोबळमानाने बरोबर. बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे. लांब दस्ता घेऊन छोट्या चणीचा माणूस पाठीत मागे झुकतो, दस्ता खांद्याच्या खोबणीतून दंडाकडे सरकतो आणि सगळा धक्का दंडाच्या स्नायूवर बसतो. डाग दंडावर उठला असेल तर दोष हमखास मापाचा किंवा पकडीचा असतो. दस्ता फार आखूड असला तर अंगठा नाकावर आपटतो. म्हणून मोठ्या बोअरवर अंगठा दस्त्याच्या मानेवरून पलीकडे न नेता त्याच बाजूला ठेवलेला बरा.

दस्ता कापायचा असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडेच जावं, आणि कापण्याआधी रबराच्या पॅडची जाडी हिशेबात धरावी. एक इंचाचा पॅड लावायचा तर लाकूड तितकंच जास्त उतरवावं लागतं; नाहीतर मऊ पॅडही लागतो आणि माप पुन्हा लांबच राहतं. पॅडचं काम दुहेरी. धक्का थोड्या जास्त वेळात पसरतो आणि मोठ्या जागेवर वाटला जातो. एकूण ऊर्जा कमी होत नाही, पण टोचणी जाते. जुन्या .३०३ ला तर पितळेची पट्टी असते, तिथे हा फरक लगेच कळतो. आपल्याकडच्या दमट हवेत रबर काही वर्षांत चिकट होतं किंवा कडक पडतं. अंगठ्याने दाबून बघा, दबलं नाही तर बदला. उकाड्यामुळे सगळे पातळ टी-शर्टात रेंजवर येतात. जाड सुती शर्ट किंवा खांद्यावर दुहेरी शिवलेलं अस्तर एवढ्यानेही बरं वाटतं.

वजन वाढवायचं तर दस्त्याच्या पोकळीत शिसं भरता येतं. अर्धा किलो भरलं तरी फरक जाणवतो. पण सगळा भार मागे गेला की नळी हलकी पडते आणि उसळते, म्हणून थोडा पुढच्या लाकडातही भरावा. शिवाय रायफल इतकी जड नको की लहान चणीच्या नेमबाजाला ती उभ्याने पेलता येत नाही. थकलेले हात पकड सैल करतात, आणि सैल पकड हीच खरी धोक्याची.

.२२ वरून आलेल्या मुलामुलींना हे आवर्जून सांगावं लागतं. लक्ष्यभेदाच्या .२२ मध्ये रायफल सैल, निवांत धरायला शिकवतात. मोठ्या बोअरवर तीच सवय उलटते. दस्ता आणि खांदा यांत बोटभर अंतर राहिलं तर रायफल त्या अंतरात वेग घेते आणि मग आदळते. दस्ता गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) खाली, खांद्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूच्या मांसल खोबणीत बसवा. उभ्याने मारताना कोपर थोडं वर उचललं की ती खोबण आपोआप खोल होते. मग पुढच्या हाताने रायफल मागे ओढून धरा, बोटं पांढरी पडण्याइतकी घट्ट नको. गाल दस्त्याला टेकलेलाच राहू द्या. गाल आणि लाकूड यांत फट असेल तर गालावर चपराक बसते. दुर्बीण लावली असेल तर डोळा तिच्यापासून साधारण ९ सेंटिमीटरवर हवा. पालथं पडल्यावर डोकं नकळत पुढे सरकतं आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसते, तेव्हा त्या स्थितीत अंतर पुन्हा तपासा. (स्प्रिंगच्या एअर रायफलला यातलं काही लागू नाही. तिथे छर्रा नळीतच असताना दट्ट्या पुढेमागे झटका देतो, म्हणून ती मुद्दाम हलकी धरतात.)

मोठ्या बोअरची पहिली गोळी उभ्याने मारायला द्यावी, नेम कुठे लागतो याची चिंता न करता. उभं असताना कंबरेपासून वरचं शरीर मागे झुलतं आणि धक्का त्यात जिरतो. टेबलावर वाकून बसलं किंवा पालथं पडलं की शरीराला मागे जायला जागाच नसते. टेबलावरूनच मारायचं असेल तर खुर्ची उंच घ्या, छाती सरळ ठेवा, रायफल वर आणा. आपण खाली वाकू नका. दस्ता आणि खांदा यांमध्ये वाळूची छोटी पिशवी ठेवली तर नवख्याला मोठा आधार मिळतो.

नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक वायू बाजूला फेकून धक्का खूपच कमी करतो, पण आवाज मारणाऱ्याकडे आणि शेजारच्या लेनकडे वळवतो. ज्याला आवाजाचीच भीती आहे त्याला तो देऊन उपयोग नाही. सायलेन्सरचं नाव काढू नका. आवाज किंवा गोळी सुटतानाची चमक कमी करणारा जोडभाग आपल्या शस्त्र कायद्यात फायरआर्मच्या व्याख्येतच येतो. धक्का कमी म्हणून घरी काडतुसं भरणंही नको, त्यालाही परवाना लागतो. कारखान्याच्या काडतुसांत हलक्या गोळीचं मिळालं तर ते घ्यावं.

दचक बसली आहे की नाही हे ओळखायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. प्रशिक्षकाने पाच काडतुसांपैकी दोन डमी (न उडणारी नकली काडतुसं) घालायची, कोणती ते नेमबाजाला सांगायचं नाही. डमी वेगळ्या रंगाची आणि जिवंत काडतुसांपासून वेगळ्या डबीत ठेवलेली असावी. डमीवर नुसता टक् आवाज येतो आणि त्या क्षणी नळीचं तोंड खाली बुडालं तर दचक आहे, हे त्याला स्वतःलाच दिसतं. रागवायची गरज उरत नाही. मग रिकाम्या रायफलवर चाप दाबायचा सराव द्यायचा, रोज दहा-पंधरा मिनिटं. .२२ मध्ये मात्र रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या जागेवर) चाप दाबू नये. पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती खराब होते, तिथे डमी किंवा वापरलेलं काडतूस घालावं.

पहिल्या दिवशी मोठ्या बोअरच्या पाच गोळ्या पुरेत, फार तर दहा. शेवट पुन्हा .२२ ने करावा, म्हणजे घरी जाताना चांगली मारलेली गोळी आठवते. नेमबाजाने "बस" म्हटलं की तिथेच थांबायचं. "अजून एक मार" असा आग्रह कोणीही करू नये, वडिलांनी तर नाहीच.

काहींनी मात्र मोठ्या बोअरपासून लांबच राहावं. छातीत पेसमेकर असेल तर त्या बाजूच्या खांद्यावर दस्ता टेकवू नये, आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय रेंजवर जाऊ नये. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि डोळ्याचा पडदा एकदा सुटलेल्यांनीही आधी आपापल्या डॉक्टरांना काडतूस आणि रायफलचं वजन नेमकं सांगून विचारावं. "बंदूक चालवू का" एवढंच विचारलं तर डॉक्टरांना .२२ आणि .३०८ मधला फरक कळणार नाही आणि ते दोन्हींना सरसकट नको म्हणतील.