पीटची पिशवी आणि तिचे पर्याय

इंग्लंडमध्ये वसंत ऋतू जवळ आला की गार्डन सेंटरच्या दाराशी कुंड्यांत भरायच्या तयार मिश्रणाच्या पिशव्यांची थप्पी लागते. इथे या मिश्रणाला सरसकट कंपोस्ट म्हणतात, पण कित्येक दशके त्यात मुख्यतः पीट असे, आणि काही पिशव्यांत ते आजही असते. यॉर्कशायरमध्ये टोमॅटो, मिरच्या आणि मेथी लावताना पीट वापरावे की नाही, या प्रश्नाबाबत माझे मत आता पक्के झाले आहे. पीट सोडलेच पाहिजे. परंतु त्याच्या जागी दुसरी कोणती तरी एक पिशवी आणून ठेवल्याने प्रश्न सुटत नाही.

पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पती, त्यातही प्रामुख्याने स्फॅग्नम नावाचे शेवाळ. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवते, आणि त्या आम्लधर्मी, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मेलेला झाडोरा पुरता कुजत नसल्यामुळे थरावर थर चढत जातात, तेही वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने. मीटरभर पीट साचायला अशी सुमारे हजार वर्षे लागतात. पृथ्वीवरील जमिनीच्या केवळ तीन टक्के भागावर अशा दलदली आहेत, तरी जगातील सगळ्या जंगलांतील झाडोऱ्यापेक्षा त्यांच्यात जास्त कार्बन साठलेला आहे. पीट काढण्यासाठी आधी चर खणून पाणी काढून टाकतात. मग आत हवा शिरते, इतकी वर्षे अडून राहिलेले कुजणे सुरू होते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो. डॉन्कास्टरजवळच्या थॉर्न आणि हॅटफील्ड या दलदलींमधून वर्षानुवर्षे यंत्रांनी पीट खरवडले जात होते. सरकारने २००२ साली भरपाई देऊन तेथील उपसा संपवण्याचा करार केला, आणि नंतर पाणी पुन्हा अडवण्याचे काम हाती घेतले गेले. इथे विकले जाणारे पीट मात्र बऱ्याच प्रमाणात आयर्लंड आणि बाल्टिक देशांतून येते, म्हणजे आपली दलदल वाचवायची आणि दुसऱ्याची खणायची असा हा प्रकार आहे.

पीटवर बागकाम करणाऱ्यांचा जीव का जडला, हे मला समजते. ते हलके व एकजिनसी असते, त्यात तणांचे बी नसते आणि अन्नद्रव्ये जवळजवळ नसल्यामुळे खत हवे तेवढे मोजून घालता येते. तरीही पीटवाचून बागकाम अशक्य आहे, हा दावा मला पटत नाही. जॉन इनेस या इंग्लंडमधील बागायती संशोधन संस्थेत १९३० च्या दशकात ठरवलेल्या प्रसिद्ध मिश्रणातही सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू असे प्रमाण होते. जवळपास निव्वळ पीटने भरलेल्या पिशव्या दुसऱ्या महायुद्धानंतरच घरोघरी पोहोचल्या.

कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरगुती बागांतील पीटचा वापर २०२० पर्यंत स्वेच्छेने थांबवावा, असे उद्दिष्ट सरकारने २०११ मध्ये ठेवले होते, ते फसले. इंग्लंडमध्ये २०२४ पर्यंत विक्रीबंदी आणण्याची घोषणा २०२२ च्या ऑगस्टमध्ये झाली, पण २०२४ संपले तरी तसा कायदा झालेला नव्हता.

पर्यायांमध्ये कोकोपीटचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, आणि इथल्या शेजाऱ्यांना वाटते की नारळाच्या मुलखाशी नाते असल्यामुळे मी त्याची वकिली करीन. सिंधुदुर्गातल्या माझ्या आजोळी सोडणे बंबात जळतात, ही गोष्ट वेगळी. सोडणांतून काथ्या काढून झाल्यावर उरणारा भुसा म्हणजे कोकोपीट, आणि तो पूर्वी ढिगाने पडून राहत असे. त्याचा उपयोग होणे चांगलेच आहे, आणि दाबून केलेल्या विटा जहाजातून आणायलाही सोयीच्या पडतात. मात्र त्या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते काढण्यासाठी तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो, आणि चांगल्या प्रतीसाठी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणातही भिजवावा लागतो. तमिळनाडूतील पोल्लाची हे या धंद्याचे मोठे केंद्र आहे, आणि तिथे या धुण्याच्या पाण्यामुळे विहिरी बिघडल्याच्या तक्रारी आहेत. यॉर्कशायरच्या पावसात भिजणाऱ्या माझ्या कुंड्यांसाठी तिथले पाणी खर्च व्हावे, हे मला रुचत नाही.

लाकडाचा तंतू आणि कुजवलेली साल हे पर्याय जवळचे आहेत, पण ते कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात, त्यामुळे खत लवकर सुरू करावे लागते. नगरपालिकेने गोळा केलेल्या बागकचऱ्याचे खत कसदार पण जड असते, आणि त्यात कधी तणनाशकाचा अंश राहिला तर टोमॅटोची पाने वळून जातात. पीटविरहित मिश्रणाचा वरचा थर लवकर सुकतो, आत मात्र ओल असते, हे लक्षात न घेता वरचेवर पाणी घातल्याने रोपे मरतात आणि दोष मिश्रणाला दिला जातो. बोट खुपसून पाहण्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

मी मोठ्या कुंड्यांत बागेतली माती, घरचे कंपोस्ट आणि पानकुजीचे खत भरते. ओक आणि बीचची पाने भोके पाडलेल्या काळ्या पिशव्यांत ओली करून वर्ष-दोन वर्षे ठेवली की हे खत फुकट मिळते. विकतचे पीटविरहित मिश्रण फक्त बी रुजवण्यापुरते आणते. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, म्हणून तिच्यासाठी पाइनची साल घातलेले पीटविरहित मिश्रण वापरते आणि साठवलेले पावसाचे पाणी घालते.

पिशवी घेताना 'पर्यावरणस्नेही' किंवा 'सेंद्रिय' या शब्दांवर जाऊ नये. 'पीट-फ्री' असे स्पष्ट छापलेले नसेल तर आत पीट आहे असेच धरावे. हाच प्रश्न तयार रोपांनाही लागू होतो, कारण त्यांच्या मुळांभोवतीच्या गोळ्यात पीट असू शकते आणि लेबलवर त्याचा उल्लेख सहसा नसतो. त्यामुळे रोपे घेताना मी रोपवाटिकेत थेट विचारते, आणि लहान रोपवाटिका चालवणारे लोक बहुधा आढेवेढे न घेता उत्तर देतात.