कोणत्या कलमाखाली चुकलीस?

ऑगस्टमध्ये भाच्याला अमेरिकेतल्या ब्लॅक्सबर्गला, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या होस्टेलवर सोडलं आणि एकटीच घरी यायला निघाले. जाताना त्याच्या उशा, छोटा कुकर, ताईने साताऱ्याहून पाठवलेला गोडा मसाला यांनी भरलेली गाडी आता रिकामी होती. इंटरस्टेट ८१ हा महामार्ग शेनंडोआच्या खोऱ्यातून जातो. उजव्या हाताला ब्लू रिजच्या रांगा, खाली हिरवी कुरणं. मला पसरणी घाटातून दिसणारं वाई आठवत होतं, ताईचा चेहरा आठवत होता. वेगाच्या काट्याकडे लक्ष नव्हतं. मागे निळे दिवे लागले तेव्हाही ते आपल्यासाठी आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला.

ट्रूपर, म्हणजे राज्याचा पोलीस, उजव्या बाजूच्या खिडकीशी आला. रुंद काठाची हॅट, अतिशय सभ्य बोलणं. पाटी ७० मैलांची होती, माझा वेग ८७. आपल्या हिशेबात ताशी १४० किलोमीटर. त्याने पिवळा कागद दिला आणि सांगितलं, "सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही, कोर्टात हजर राहण्याचं वचन आहे." मी सही केली. घरी जाऊन ऑनलाइन पैसे भरायचे आणि विषय संपवायचा, असं तेव्हा मनात होतं. बारा वर्षांत इथे एकदाही तिकीट मिळालं नव्हतं, त्यामुळे तिकिटांमध्येही जाती असतात हे मला माहीत नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर कागद नीट वाचला. पैसे भरून मोकळं व्हायचा पर्याय त्यावर नव्हताच. ऑक्टोबरमधली एक तारीख, जिल्हा न्यायालयाचा पत्ता आणि एक आकडा होता: ४६.२-८६२. तो आकडा शोधला आणि हातपाय गार पडले. व्हर्जिनियात वेगमर्यादेच्या वर २० मैल, किंवा पाटी कितीचीही असो, ताशी ८५ मैलांच्या वर गेलात की ते नुसतं स्पीडिंग राहत नाही. ते 'रेकलेस ड्रायव्हिंग' होतं, म्हणजे क्लास वन मिसडिमीनर. फौजदारी गुन्हा. जास्तीत जास्त शिक्षा १२ महिने तुरुंग, २,५०० डॉलर दंड, सहा महिन्यांपर्यंत लायसन्स बंद. वाहन खात्याच्या नोंदीत सहा उणे पॉइंट, आणि ती नोंद ११ वर्षं राहते. पूर्वी ही रेघ ८० मैलांवर होती, १ जुलै २०२० पासून ८५ झाली. मी त्या रेघेच्या दोन मैल पलीकडे होते.

या दोन मैलांनी मला किती दिवस छळलं, ते सांगून खरं वाटणार नाही. ७० च्या रस्त्यावर सतरा मैल जास्त, याला बहुतेक राज्यांत दंडाची पावती मिळते. आपल्याकडे एक्सप्रेस वेवर कॅमेऱ्याने पकडलं तर मोबाइलवर ई-चलान येतं. केंद्राच्या कायद्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि लोक तोही लोकअदालतीची वाट बघत ठेवतात. मी सहा वर्षं खंबाटकी घाटातून पुणे-सातारा गाडी चालवली. ट्रक, एसटी, उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले, सगळं पार केलं, कधी कुणाला ओरखडा काढला नाही. आणि इथे, ना घाट ना गर्दी, कोरड्या लखलखीत दुपारी, मी गुन्हेगार? हे मी नवऱ्याला इतक्यांदा म्हणाले की शेवटी तो म्हणाला, "तू हे मला नको, जजला सांग." ते मला लागलं, पण त्याचं बरोबर होतं.

चार-पाच दिवसांनी टपालपेटी उघडली तर आत पाकिटांचा गठ्ठा. एकूण अकरा. सगळी वकिलांची. कोर्टाच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यातून नाव-पत्ता काढून हे लोक पत्रं पाठवतात. एका पत्रात माझं नाव, तारीख, पाटीचा वेग आणि माझा वेग ठळक अक्षरांत छापला होता. दुसऱ्यात तुरुंगाच्या गजांचं चित्र. मी ती पाकिटं ओट्यावर पसरून उभी होते आणि मुलगी शाळेतून आली. घाईघाईने सगळी ड्रॉवरमध्ये कोंबली. साताऱ्यात पोलिसांची नोटीस आली तर ती गल्लीला कळू नये म्हणून माणसं काय काय करतात. इथे ती जाहिरात होऊन घरी येते.

आता वकील करायचा की नाही?

माझं पहिलं उत्तर होतं, नाही. मी वेगात होते, ते खोटं नाही. मग पैसे देऊन माणूस कशासाठी उभा करायचा? जे केलं नाही ते केलं असा आरोप असेल तर वकील, असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं. त्यात फी. एकाने ७५० डॉलर सांगितले, दुसऱ्याने ९००, तिसऱ्याने १,२००. नऊशे डॉलर म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या वर. मराठी मंडळाच्या ग्रुपवर नाव न घेता विचारलं, तर एकजण म्हणाला, ट्रूपर येतच नाही, केस आपोआप पडते. दुसरी म्हणाली, तिच्या दिराने स्वतः जाऊन हात जोडले आणि सुटला. कोणीतरी लगेच 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' टाकलं. आमच्या अण्णांनी ती पायरी तेहतीस वर्षं रोज चढली, कारण ते सातारच्या कोर्टात लिपिक होते. आमच्या घरात ही म्हण मी कधी ऐकली नाही.

खरी भीती तुरुंगाची नव्हती, कागदाची होती. डिसेंबरमध्ये अण्णांची पंचाहत्तरी आहे. तिकिटं जूनमध्येच काढली होती. जायचं म्हणजे पासपोर्टवर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला मुंबईच्या वकिलातीत उभं राहणं आलं. त्या अर्जात प्रश्न असतो, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. ग्रीन कार्डाच्या रांगेत किती वर्षं गेली हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला आता तोंडपाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाने मला शांत केलं. म्हणाला, अशा एका केसने सहसा व्हिसा जात नाही, पण जे असेल ते खरं लिहायचं आणि कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत सोबत ठेवायची. 'सहसा' हा शब्द मला रात्री तीन वाजता ऐकू यायचा.

शेवटी अण्णांना फोन केला. खरं तर त्यांना कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी आधी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "कलम वाच." मी वाचलं. भाषांतर करत, अडखळत. "शिक्षा किती म्हणालीस?"

"जास्तीत जास्त बारा महिने."

"मग विचार कसला करतेस? वकील दे."

"पण अण्णा, मी चुकलेच होते."

"चुकलीस हे सांगायचंच आहे. कोणत्या कलमाखाली चुकलीस, ते ठरवायला वकील लागतो."

मग माझं गाऱ्हाणं सुरू झालं, की आपल्याकडे याला कोणी गुन्हा म्हणत नाही. त्यांनी मध्येच थांबवलं. "कोण म्हणतं? मोटार वाहन कायद्यात कलम १८४ आहे, धोकादायक रीतीने वाहन चालवणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातही सहा महिने ते एक वर्ष आहे. पण तिथे रस्ता, वेळ, रहदारी, सगळी परिस्थिती बघावी लागते. नुसता आकडा पुरत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि इथे असतीस तर वकील फुकट मिळाला असता. १९८७ चा विधी सेवा कायदा, कलम बारा. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही." पंच्याहत्तराव्या वर्षी हे त्यांच्या जिभेवर होतं. मला त्या क्षणी त्यांचा आणि आपल्या कायद्याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी ९०० डॉलरवाल्या वकिलीणबाईंना होकार कळवला. त्यांच्या पत्रावर गजांचं चित्र नव्हतं, हे एक कारण. दुसरं, त्या त्याच काउंटीच्या कोर्टात रोज उभ्या राहतात. त्यांनी तीन कामं सांगितली. आठ तासांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा वर्ग कर. वाहन खात्यातून स्वतःचं रेकॉर्ड काढ. माझं अधिक पाच होतं, म्हणजे नीट चालवल्याचे पाच पॉइंट, त्याच्या वर ते जातच नाही. आणि गॅरेजमधून स्पीडोमीटर तपासून आण, कारण काटा कमी दाखवत असेल तर इथल्या कायद्याप्रमाणे कोर्टाला तो दाखला विचारात घ्यावा लागतो. गॅरेजवाल्याने गाडी रोलरवर चढवली, चाकं जागच्या जागी फिरली, आणि मी देवाचं नाव घेत काचेतून बघत होते. काटा अगदी बरोबर निघाला. बाई म्हणाल्या, "मग तो कागद आपल्याला लागणार नाही." तो कागद कोर्टात दिला नाही. कोणी विचारलं असतं तर लपवला नसता, एवढं मी स्वतःशी पक्कं केलं होतं.

ऑक्टोबरच्या त्या सकाळी पहाटे पाचला निघाले. क्रूझ कंट्रोल ६८ वर, ट्रकसुद्धा मला ओलांडून जात होते. विटांची जुनी इमारत, पुढे पांढरे खांब. आत मोबाइल नेता येत नाही, तो गाडीत ठेवला. अण्णांच्या कोर्टातला व्हरांडा, टाइपरायटरवाले, पट्टेवाल्याचा पुकारा, यातलं इथे काही नाही, पण बाकांवर बसलेल्या माणसांचे चेहरे तेच. ट्रूपर आला होता, हातात कागदांचा जुडगा. सरकारी वकील समोर नव्हताच, त्या सकाळी सरकारची बाजू ट्रूपरच मांडत होता. माझ्या वकिलीणबाई त्याच्याशी कोपऱ्यात दीड मिनिट बोलल्या असतील. त्याने मान हलवली. तो म्हणाला की मी सभ्यपणे वागले होते. माझ्यासाठी खरा निकाल त्या कोपऱ्यातच लागला.

माझ्या आधी एक तरुण मुलगा होता. पँटवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, कामावरूनच आलेला. स्पॅनिश दुभाषा त्याच्या शेजारी. वेग ८९, म्हणजे माझ्याहून दोन मैल जास्त. जज चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी समजावलं की तुरुंगाची शिक्षा या केसमध्ये देणार नाही, म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळणार नाही. स्वतःचा करायचा असेल तर पुढची तारीख देते. दुभाष्याने सांगितलं, त्याला पुन्हा एका दिवसाची सुट्टी घेता येणार नाही. तो गिल्टी म्हणाला. दंड झाला, कलम तेच राहिलं, रेकलेस.

मग माझं नाव. बाईंनी वर्गाचं प्रमाणपत्र आणि रेकॉर्ड पुढे केलं, ट्रूपर म्हणाला हरकत नाही, आणि जजनी ८७ चे ७९ केले. साधं स्पीडिंग. १०० डॉलर दंड अधिक कोर्टखर्च. मी 'येस, युअर ऑनर' एवढंच बोलले. चार मिनिटंही लागली नसतील. गुन्हा नाही. पाच वर्षं रेकॉर्डवर राहणारी चूक, बस्स.

त्या मुलाचं आधीचं रेकॉर्ड मला माहीत नाही. असेल माझ्यापेक्षा वाईट. मी स्वतःला हे बऱ्याचदा सांगितलंय. वर्ग मी केला होता, रजा टाकून आठ तास बसले होते, पैसे माझ्या पगाराचे होते, कोणाला चिरीमिरी दिलेली नाही, जे झालं ते भर कोर्टात झालं. यात काही चुकीचं आहे असं मला वाटत नाही. ज्यांना विचारायचं आहे त्यांना मी स्पष्ट सांगेन: व्हिसावर असाल, कागदावर रेकलेस लिहिलेलं असेल, तर वकील करा. पंधरा मैलांच्या साध्या तिकिटाला करू नका, पैसे भरून मोकळे व्हा. पण आधी कलम वाचा.

क्लार्कच्या खिडकीवरून निकालाची शिक्क्याची प्रत घेतली, पासपोर्टच्या फायलीत ठेवली. गाडीत बसून आधी अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जज बाई होत्या का, पुकारा कोण करतं, प्रतीला फी किती पडली. मग मी त्या मुलाचं सांगितलं.

"अपिलाची मुदत किती तिथे?" त्यांनी विचारलं.

"दहा दिवस." मी ते वाचलेलं होतं. वरच्या कोर्टात केस पहिल्यापासून नव्याने चालते, हेही वाचलेलं होतं.

"मग सांगितलंस ना त्याला?"

समोर, दोन गाड्या सोडून, तो त्याच्या व्हॅनच्या मागच्या दारात बसून बूट बदलत होता. मी म्हणाले, "अण्णा, कोर्टात कोणीतरी सांगितलं असेल." आणि ते काही बोलायच्या आत व्हॅन सुरू झाली.