रंगवलेला माठ

परभणीच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात नवा माठ येतो. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी जुन्या माठाची छिद्रे बुजतात आणि मे महिन्यात, पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा, त्यातले पाणी घशाखाली उतरूनही तहान तशीच राहते. "ज्या माठाला घाम येईना, त्यो माठ न्हाई, डबा हाय," असे आजी म्हणत असे. यंदा मी आणलेला माठ असा डबाच निघाला. कुणीतरी हौसेने तो गळ्यापासून बुडापर्यंत निळ्या ऑइल पेंटने रंगवून वर पांढरी वेलबुट्टी काढली होती, आणि तो घरात सगळ्यांना इतका आवडला होता की पाणी गार का होत नाही, हे ध्यानात यायला चार दिवस गेले.

कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्यांतून पाझरलेल्या पाण्याचा एकेक ग्रॅम वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढी उष्णता काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल. कोकणातले पाहुणे आमच्या माठाचे कौतुक करतात, पण ते श्रेय खरे तर आमच्या कोरड्या हवेचे आहे, आणि त्या हवेला एरवी आम्ही शिव्याच देत असतो.

पृथ्वीला मात्र ही सोय नाही. तिच्याभोवती पोकळी आहे, वाफ वाहून नेणारा वारा नाही. समुद्रावरून निघालेली वाफ वर जाऊन ढग होते आणि सोबत नेलेली उष्णता तिथल्याच हवेला परत करते. म्हणजे घरातले पैसे घरातच फिरतात. उष्णता बाहेर टाकायचा पृथ्वीचा एकच मार्ग आहे, तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा. हे किरण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ शोषून घेतात, हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवले. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. कारखानदारीपूर्वी ते २८० च्या आसपास होते आणि आज ४२० च्या वर गेले आहेत. आमच्या निळ्या माठाची उपमा इथे थोडी लंगडी पडते, कारण या वायूचा रंग छिद्रे पूर्ण बुजवत नाही. आत येते तेवढीच उष्णता पुन्हा बाहेर पडू लागेपर्यंत तो पृथ्वीला अधिक तापायला लावतो, एवढेच.

तापलेली हवा अधिक तहानलेली असते. तापमान एका अंशाने वाढले की तिची वाफ सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ही जादा तहान ती भागवते आमच्या काळ्या रानाच्या भेगांतून आणि पैठणच्या उथळ, पसरट नाथसागर जलाशयातून. आणि परतफेड करते ती मात्र कधीतरी, कुठेतरी, एका रात्रीत बांधबंदिस्ती वाहून नेणाऱ्या पावसाने. दुष्काळ आम्हाला नवा नाही. १९७२ च्या आठवणी अजून घरोघरी सांगितल्या जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला अपुरा पाऊस आणि आमचे पाण्याचे नियोजन, दोन्ही कारणीभूत होते, आणि सगळे खापर हवामानाच्या माथी फोडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण पाऊस तितकाच कमी पडला तरी तहानलेल्या हवेत जमिनीची ओल लवकर उडते, हेही तितकेच खरे.

निळ्या माठाचा रंग मी काथ्याने आणि राखेने घासून पाहिला. वेलबुट्टी गेली, निळा रंग गेला नाही. शेवटी कुंभारवाड्यातून साधा काळा माठ आणून ओल्या वाळूवर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला. निळ्यात आता तुरीची डाळ आहे, आणि तिला म्हणे अजिबात ओल लागत नाही.