हँडब्रेक मी चुकीच्या टोकाने आवळला होता

दांडा नवव्या खटक्यापर्यंत वर ओढला, तरी गाडी मागे सरकतच होती. चढ काही फार नव्हता. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. गिअर टाकून गाडी उभी केली, चाकामागे दगड लावला आणि तिथेच ठरवलं की हे काम आता आपणच करायचं.

गाडी 1990च्या दशकातली लँड रोव्हर डिफेंडर 110. हिचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर बॉक्स म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. तिच्यातून मागे जो शाफ्ट निघतो त्याच्या मुळाशी एक ड्रम बसवलेला असतो आणि हँडब्रेक तोच धरतो. लँड रोव्हरने 1948पासून 2016मध्ये डिफेंडर बंद होईपर्यंत ही रचना सोडली नाही. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेकही ट्रान्सफर केसच्या मागेच असे. एवढी माहिती मला होती. तिचा अर्थ मात्र कळला नव्हता, तो हात पोळल्यावर कळला.

मी आधी काय केलं? केबल आवळली. दांड्याजवळ नट सापडतो, पाना सहज बसतो, दहा मिनिटांचं काम. दांडा झकास तिसऱ्या खटक्यावर धरायला लागला आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी अर्धा तास गाडी चालवली, तर खालून जळका वास. ड्रमजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

एका जाणत्या मित्राला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "केबल हाताला येते म्हणून केबलच ओढलीस ना?" खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

त्याने सांगितलं ते असं. केबलचं काम फक्त ओढ पोचवण्याचं. लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून धरणारे पट्टे, झिजले की त्यांच्यातलं आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते कमी करायला ड्रमच्या मागच्या प्लेटवर वेगळा अ‍ॅडजस्टर असतो. तो न फिरवता केबल ताणत गेलं, तर दांडा पूर्ण खाली असतानाही लायनर थोडे उघडेच राहतात आणि ड्रमला घासतात. त्यात हा ड्रम चाकाबरोबर नाही, शाफ्टबरोबर फिरतो. माझ्या एक्सलचं गुणोत्तर 3.54, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला ड्रमचे साडेतीन. ताशी 60 किलोमीटरला हिशेब केला तर मिनिटाला सुमारे 1400 फेरे भरले. तापणार नाही तर काय!

त्याच गुणोत्तरामुळे एवढासा ड्रम दोन टनांची गाडी धरू शकतो, कारण शाफ्टवर लावलेला जोर चाकापर्यंत साडेतीन पट होऊन पोचतो. म्हणूनच धावत्या गाडीत हा दांडा ओढायचा नाही. शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि डिफरन्शिअल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) यांना बसणारा झटका भारी पडतो.

मग नव्याने सुरुवात केली. सपाट जागा, तीन चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागचं एक चाक उचलून स्टँडवर, ट्रान्सफर बॉक्स न्यूट्रलला, डिफ लॉक (पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधणारा) काढलेला. इथे या रचनेची एक खोड आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी निसटू शकते. शाफ्ट अडकलेला असला तरी डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. एरवी डिफ लॉक लावला तर पुढचा शाफ्टही अडतो आणि बराच आधार मिळतो, पण मला शाफ्ट हाताने फिरवायचा होता. तेव्हा भरवसा फक्त ठोकळ्यांवर.

केबल पूर्ण ढिली केली. अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला, त्याला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, तरी त्याने बराच वेळ खाल्ला. जोर लावून डोकं गोल करून ठेवण्यापेक्षा थोडं पुढे, थोडं मागे करत सोडवलेला बरा. सुटल्यावर ड्रम जाम होईपर्यंत अ‍ॅडजस्टर घड्याळाच्या दिशेने फिरवला, मग मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे दीड फेरा मागे. उचललेलं चाक फिरवून पाहिलं, ड्रम मोकळा होता, कुठे खरखर नाही. त्यानंतर केबल अशी बसवली की दुसऱ्या-तिसऱ्या खटक्यावर पकड यावी.

आणि चढावर गाडी पुन्हा सरकली.

त्या जळक्या वासात तेलाचाही वास होता, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. मागच्या प्लेटच्या खालच्या कडेला बोट फिरवलं तर काळं तेल. आता ड्रम उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शाफ्टचे चार नट इंची मापाचे, 9/16चा पाना लागतो. जवळपासचा मिलिमीटरचा पाना चालवून घेऊ नका, नट खराब होतात. शाफ्ट सुटला आणि डिफ लॉक नसला, तर गिअर टाकूनही गाडी अडत नाही, म्हणून या वेळी चारही चाकं जमिनीवर ठेवून ठोकळे पुन्हा तपासले. ड्रमचे दोन स्क्रू निघाले आणि आत पाहतो तर लायनर तेलाने माखलेले, वर चिखलाचा थर. ट्रान्सफर बॉक्सचं मागचं ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रिंग, गेलं होतं.

तेल प्यायलेले लायनर घासून-पुसून पुन्हा बसवायचा मोह झाला. तो टाळला, कारण गरम झाले की ते आत मुरलेलं तेल पुन्हा बाहेर टाकतात. नवे लायनर, नवं सील. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपली. सील बदलताना ट्रान्सफर बॉक्सचा ब्रीदरही (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) पाहिला, चिखलाने बंद झालेला. ब्रीदर तुंबला की गरम तेलाचा दाब आत कोंडतो आणि वाट सीलमधून काढतो. तो साफ केला नसता तर नवं सीलही फार टिकलं नसतं.

जोडणी झाल्यावर पुन्हा तोच क्रम, आधी अ‍ॅडजस्टर, केबल शेवटी.

मग त्याच चढावर नेली. एकदा तोंड वर, एकदा खाली. फूटब्रेक सोडला की गाडी वीतभर डुलते आणि थांबते. पहिल्यांदा पोटात गोळा आला, पण तो डिफरन्शिअल आणि क्रॉसमधला प्ले, म्हणजे सैलपणा, आहे, ब्रेकची चूक नाही. अर्धा तास चालवून ड्रमला हात लावला. कोमट होता.